पाणीपुरवठा खातं

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तिला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी एप्रन चढवला की तिचं तोंड जे सुरू व्हायचं ते थेट सुट्टीच्या भोंग्यालाच थांबायचं. मुकादम कधी कधी वैतागून म्हणायचे, "अगं बाई, जरा आवाज कमी कर," तेव्हा ती स्वतःचाच कान बटणासारखा पिळायची आणि पुढचं सगळं कुजबुजत बोलायची. मुकादमांनाही हसू आवरायचं नाही.

ती मळक्या बाजूला कामाला होती. लॉन्ड्रीच्या मधोमध एक भिंत होती आणि धुण्याच्या अवाढव्य मशीन त्या भिंतीतच बसवलेल्या होत्या. इकडच्या दारातून मळकं आत जायचं, तिकडच्या दारातून धुतलेलं बाहेर पडायचं. तिकडच्या बायका गरम रोलरवर चादरी सरकवायच्या; त्यांच्या अंगाला वाफेचा आणि साबणाचा वास असायचा. इकडे मात्र वॉर्डांतून आलेली गाठोडी टेबलावर उलटी करायची, चादरी, अभ्रे आणि रुग्णांचे झगे वेगवेगळे काढायचे, मध्ये काय अडकलंय ते चाचपायचं. चमचे निघत, चष्मे निघत, एकदा तर अख्खी कवळी निघाली होती. रक्त, ओकारी, शी-शू, सगळं हातमोज्यांतून जायचं. नव्या बाया सुरुवातीला डबा तसाच घरी परत न्यायच्या. "एकदा नाक मेलं की काही वाटत नाही," मावशी त्यांना सांगायची. मावशी म्हणजे टेबलाच्या पलीकडे उभी राहणारी, तिथली सगळ्यांत जुनी बाई.

रेडिओचा उपाय वेगळा होता. ती प्रत्येक वॉर्डाला नाव ठेवायची. मुलांचा वॉर्ड म्हणजे चित्रकला वर्ग. ऑपरेशनची हिरवी कापडं म्हणजे जावईबापू, कारण त्यांना पाणी वेगळं, मशीन वेगळी, सगळे लाड वेगळे. आणि म्हाताऱ्या पुरुषांचा वॉर्ड म्हणजे पाणीपुरवठा खातं. त्या वॉर्डाचं गाठोडं आलं की ती दोन्ही हात वर करून ओरडायची, "नागरिकांनी नोंद घ्यावी, आज पाणी पूर्ण दाबाने येणार आहे!" मावशी पदराने डोळे पुसायची, एवढी हसायची. हसता हसता गाठोडं कधी संपायचं ते कळायचंही नाही. यात कुणाचं काही वाईट करतोय असं रेडिओच्या मनात कधी आलं नाही. ज्यांच्या चादरी होत्या ते वर कुठे तरी होते, त्यांना चेहरे नव्हते.

घरी ती, नवरा आणि सासरे, एवढीच माणसं. नवरा गोदामात कामाला. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नाना टेलर होते, बाजारात त्यांचं छोटंसं दुकान होतं. गुडघे आणि नजर दोन्ही थकल्यावर दुकान बंद केलं, पण माणूस तसाच राहिला, टापटीप. घरातसुद्धा पँटला इस्त्री. शर्टाचं बटण निखळलेलं दिसलं तर समोरचा बोलत असतानाच त्यांची नजर तिथे जायची आणि बोलणं संपेपर्यंत ते अस्वस्थ असायचे.

या नानांनी अलीकडे स्वतःची चादर स्वतः धुवायला घेतली होती. रेडिओ उठून बाहेर येईपर्यंत चादर गॅलरीच्या दोरीवर असायची, काठाला काठ जुळवलेली, एकही चुणी नाही. आधी तिला संकोच वाटला.

"नाना, राहू द्या की. मी धुतेच आहे ना सगळ्यांचं."

"तू दिवसभर तेच करतेस," नाना म्हणाले. "घरी कशाला परत?"

हे ऐकून तिला इतकं बरं वाटलं की ती ते लॉन्ड्रीत सांगत सुटली. कुणाचा सासरा आपल्या सुनेचा एवढा विचार करतो? साबणाची पावडर लवकर संपू लागली, तेव्हा ती थोडी कुरकुरली. नानांनी मुकाट्याने स्वतः जाऊन मोठा पुडा आणला. रोज चादर धुवावी लागते, एवढ्या पावडरीने धुवावी लागते, याचा अर्थ काय, हे तिला कळायला हवं होतं. तिला नाही तर कुणाला? पण लॉन्ड्रीतून घरी आलेलं तिचं नाक मेलेलंच असायचं, आणि डोकं स्वतःच्या भाग्यावर खूश होतं.

नणंदेने नवं घर घेतलं, म्हणून एका रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवणं झाली, मंडळी बैठकीच्या खोलीत पसरली. बोलता बोलता नणंदेने नवऱ्याची तक्रार काढली. ओला टॉवेल पलंगावर टाकतात, स्वतःचा रुमालसुद्धा कधी धूत नाहीत. बायका एका सुरात आपापल्या नवऱ्यांवर घसरल्या. रेडिओला वाटलं, हीच वेळ आहे.

"आमच्या नानांकडून शिका!" ती म्हणाली. "या वयात रोज सकाळी आपली चादर आपण धुतात. अगदी रोज! मी उठायच्या आत दोरीवर."

"रोज?" नणंदेचा दीर म्हणाला. तो गप्पिष्ट माणूस होता, मनात काही नसायचं. "रोज चादर धुवायला, नाना, रात्री गादीवर पोहता की काय?"

खोलीभर हशा उसळला. सगळ्यांत मोठ्याने रेडिओच हसली. आणि जिभेला हाड नाही म्हणतात तसं, हसता हसता बोलूनही गेली, "अहो, आमच्या हॉस्पिटलात असा एक वॉर्डच आहे! मी त्याला पाणीपुरवठा खातं म्हणते!"

पुन्हा हशा. दीर तर मांडीवर थाप मारून हसला.

नानांच्या हातात पाण्याचा ग्लास होता. तो त्यांनी ओठांपर्यंत नेला होता. तिथून तो त्यांनी हळूच खाली आणला आणि न पिता स्टुलावर ठेवला. ते कुणाकडेच बघत नव्हते. चेहऱ्यावर एक हसू होतं, चारचौघांत माणूस ठेवतो तसं, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

रेडिओचं हसू तोंडातच राहिलं. चादर, पावडर, पहाटे गुपचूप उठणं, सगळं एका क्षणात एका जागी आलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काही तरी बोलून विषय बदलावा म्हटलं तर जन्मात पहिल्यांदाच तिला शब्द सुचेना. शेवटी नणंदच म्हणाली, "चहा टाकू का?" आणि सगळे हो हो म्हणाले. नाना म्हणाले, "मला नको."

घरी यायला रिक्षा केली. नवऱ्याला काही कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. तो बाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी दोरीवर चादर नव्हती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. रेडिओने एकदा धीर करून विषय काढला. नाना खुर्चीत पेपर वाचत होते.

"नाना, ते चादरीचं..."

"कुठली चादर?" पेपर खाली न घेता नाना म्हणाले.

"काही नाही," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात येऊन उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासत बसली.

तिने मनाची समजूत घातली, की चादर धुवावी लागत नाही म्हणजे त्रास थांबला असेल. खरं काय होतं ते तिच्या डोळ्यांसमोर होतं, पण बघायचं तिला धाडस होत नव्हतं. नानांच्या खोलीतला तांब्या सकाळी भरून ठेवला तसाच संध्याकाळी भरलेला असायचा. आमटी ते घेईनात, चहा अर्धा ठेवत. ओठांना चिरा पडल्या होत्या. विचारावं म्हटलं तर पुन्हा तोच विषय निघणार, आणि तो निघाला की दोघांनाही तोंड लपवायला जागा उरणार नव्हती. म्हणून ती गप्प बसली. ज्या बाईला बडबडीबद्दल लोक नावं ठेवायचे, ती बोलायला हवं होतं तेव्हाच गप्प बसली.

एका सकाळी नाना मोरीच्या दारात चक्कर येऊन पडले. नवऱ्याने आणि शेजाऱ्याने त्यांना उचलून खाली नेलं. हॉस्पिटल तिचंच, गावातलं मोठं ते एकच होतं. डॉक्टर म्हणाल्या, अंगातलं पाणी संपलंय. मग तपासण्या झाल्या आणि दुसरं कारणही निघालं. प्रोस्टेटची ग्रंथी वाढली आहे, या वयात होते, लघवीवर ताबा राहत नाही. गोळ्या आहेत त्यावर. "पण पाणी का बंद केलं यांनी?" डॉक्टरांनी विचारलं. नवरा म्हणाला, "कळलं नाही आम्हाला." रेडिओ जमिनीकडे बघत राहिली.

नानांचे कपडे आणायला दोघं घरी आली. नानांचा बिछाना काढायला हवा होता. रेडिओने चादर ओढली आणि थांबली. चादरीखाली एक मेणकापडासारखं काही तरी अंथरलेलं होतं. नीट बघितल्यावर तिला कळलं, तो नानांचा जुना रेनकोट होता. शिवणी उसवून, तुकडे बेतून, पुन्हा जोडून त्यांनी त्याचं अस्तर शिवलं होतं, गादीच्या बरोब्बर मापाचं. चारही कोपऱ्यांना बांधायला नाड्या होत्या. ज्यांना नजरेपायी सुईत दोरा ओवता येत नव्हता, त्यांनी हे हाताने शिवलं होतं, दुहेरी टाक्याने, कुणालाही न सांगता. तरीही एका कडेने ओल गादीत उतरली होती.

नवरा दारातच उभा होता. आत येत नव्हता.

"जरा हात लाव ना," ती म्हणाली. "गादी उलटी करू."

"तूच कर." त्याने मान वळवली. "तुला सवय आहे. तू हेच काम करतेस ना तिथे."

तिने त्याच्याकडे बघितलं. तो रागाने बोलला नव्हता. शरमेने त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. बापाची ओली गादी बघणं त्याला झेपत नव्हतं.

"तिथे दुसऱ्यांचं असतं," ती म्हणाली. "हे तुझ्या बापाचं आहे."

तो आत आला. दोघांनी मिळून गादी उचलली, पण एकमेकांकडे बघितलं नाही.

नानांना म्हाताऱ्या पुरुषांच्या वॉर्डात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी रेडिओ कामावर गेली, कारण रजा मागायची तर कारण सांगावं लागलं असतं. टेबलावर गाठोडी यायला लागली. त्या वॉर्डाचं गाठोडं आल्यावर मावशी तिच्याकडे आशेने बघायला लागली. रेडिओ काहीच बोलली नाही, तेव्हा मावशीनेच दोन्ही हात वर केले, "नागरिकांनी नोंद घ्यावी!" सगळ्या हसल्या.

रेडिओही हसली. न हसती तर कुणी तरी विचारलं असतं, काय झालं. गाठोडं सोडलं. एकेक चादर पसरून बाजूला टाकताना तिला वाटत होतं, ही असेल का? की ही? चादरी सगळ्या एकसारख्याच होत्या, हॉस्पिटलच्या शिक्क्याच्या. इतकी वर्षं ज्या गोष्टीला चेहरा नव्हता, तिला आता एकच चेहरा होता, आणि तो प्रत्येक चादरीत होता. हातमोजे काढून ती बाहेर जाऊन उभी राहिली. मावशी मागून म्हणाली, "आज रेडिओचा सेल संपला वाटतं!"

दुपारी भेटीच्या वेळेला ती वर गेली, एप्रन काढून, केस नीट करून. नाना डोळे मिटून पडले होते. हाताला सलाइन. तिने पांघरूण सारखं केलं. तेवढ्यात धुतलेल्या चादरींची ट्रॉली ढकलत लॉन्ड्रीचा ट्रॉलीवाला वॉर्डात शिरला. तिला बघून त्याला कोण आनंद झाला.

"अगं रेडिओ! तू पाणीपुरवठा खात्यात काय करतेस?" आवाज त्याचा दणदणीत. "कोण आहेत हे?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "शेजारचे आहेत."

"बरं, बरं," म्हणत त्याने चादरी कपाटात रचल्या आणि गेला.

ती खाली बघते तर नानांचे डोळे उघडे होते. छताकडे बघत होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पलंगाची लोखंडी कड धरून ती उभी राहिली.

"हेच ना ते खातं?" नाना म्हणाले. आवाज खोल गेला होता.

"हो."

"नाव तूच ठेवलंस."

"हो, नाना."

"खाली हसतात सगळे?"

नाही म्हणणं सोपं होतं. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून लोक यापेक्षा मोठं खोटं बोलतात. पण आत्ताच एक खोटं बोलून झालं होतं.

"हसतात," ती म्हणाली. "मीच हसवते. आज मीही हसले. तुमची चादर त्यात असेल हे माहीत असून हसले."

तिला रडू फुटलं. रडण्याचीसुद्धा तिला लाज वाटत होती. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा मान वर करून बघत होते. नानांनी तिला गप्प केलं नाही, की पाठीवर हात ठेवला नाही.

"माप घेताना माणसाचं सगळं कळतं," मग ते म्हणाले. "कुणाचं पोट सुटलंय, कुणाची पँट कुठे खराब झालीय. तोंडावर अगदी अदबीने वागायचो. गिऱ्हाईक पायरी उतरलं की मी आणि माझा कारागीर पोट धरून हसायचो. एक रिटायर साहेब यायचे, त्यांना तर आम्ही..." ते थांबले. ते नाव त्यांनी सांगितलं नाही. "म्हणून तर मला माहीत होतं, लोक कसे हसतात. म्हणून लपवत होतो."

"मला सांगायचं होतं ना."

"तुला?" नाना म्हणाले. एवढंच. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, आणि म्हणूनच तिला तो शब्द जास्त लागला.

तिने ग्लासात पाणी ओतलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मान फिरवली. ती हात तसाच धरून उभी राहिली. शेवटी त्यांनी एक घोट घेतला, मग आणखी एक.

जाताना जिन्यात तिला ट्रॉलीवाला भेटला. "अरे ऐक," ती म्हणाली, "ते शेजारचे नाहीत. माझे सासरे आहेत." त्याचा चेहरा पडला. "अगं, मला काय माहीत? मी उगाच मोठ्याने..." "तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली आणि भराभर खाली उतरली.

टेबलावर सांगणं त्याहून अवघड होतं. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की नाना त्या वॉर्डात आहेत आणि ते नाव आता नको. मशीन घरघरत होत्या. मावशी ओशाळून म्हणाली, "मघाशी बोलली असतीस तर मी कशाला हात वर केले असते?" मग तिनेच बाकीच्यांना दटावलं. काही दिवस सगळ्या सांभाळून बोलल्या. पण नाव काही गेलं नाही. ते तोपर्यंत भिंतीपलीकडे इस्त्रीवाल्या बायकांकडे पोचलं होतं, वरच्या आयांकडे पोचलं होतं. पुढे एक नवी बाई आली, तिने रेडिओलाच सांगितलं, "ताई, या वॉर्डाला इथे काय म्हणतात माहितीये का?" रेडिओ "माहितीये" म्हणाली आणि कामाला लागली. तिचे कान आतून जळत होते.

नाना घरी आले. गोळ्यांनी फरक पडला, पण पूर्ण नाही. कधी आठवडा कोरडा जायचा, कधी नाही. आता निदान तिघांनाही माहीत होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं. रेडिओने चादर उचलायला हात पुढे केला की नाना ती घट्ट धरून ठेवायचे. तिच्या हातात द्यायला ते तयार नव्हते, आणि ते का, हे तिला विचारावं लागत नव्हतं. वाकून धुवायची मात्र त्यांच्यात ताकद उरली नव्हती.

एका सकाळी ती डबा भरत होती, तेव्हा मोरीतून आवाज आले. नवरा खाली बसून चादर धूत होता आणि नाना दाराशी स्टूल टाकून बसले होते.

"एवढी पावडर नको," नाना म्हणत होते. "आणि आधी नुसत्या पाण्यातून काढ. थंड."

"काढली."

"मग अजून एकदा काढ."

नवऱ्याने धुतली, कशीबशी पिळली आणि बादली घेऊन उभा राहिला. अर्धी पँट भिजली होती. "गॅलरीत टाकू?" त्याने विचारलं.

गॅलरीसमोर शेजारणी बोलत उभ्या होत्या. नानांनी त्या आवाजाकडे जरा वेळ कान दिला.

"आतच टाक," ते म्हणाले.

"आत वाळायला संध्याकाळ होईल, नाना."

"होऊ दे."

बापलेकांनी मिळून खोलीतल्या खोलीत दोरी बांधली. रेडिओ मध्ये पडली नाही. डबा पिशवीत टाकला, पंखा मोठा करून ठेवला, आणि चपला घालून कामावर गेली.